साधं की पावर?

बुलढाणा जिल्ह्याचे भाग दोन. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि खुद्द बुलढाणा. घाटाखाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव आणि पार सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद, संग्रामपूर. हे झालं भूगोलवाल्यांचं म्हणणं. पंपावर नळी धरून उभ्या असलेल्या पोराला विचारा, तो जिल्ह्याची वाटणी निराळी करतो : साधंवाले आणि पावरवाले. ही वाटणी घाट बघत नाही, पक्ष बघत नाही, सातबारासुद्धा बघत नाही. दीड एकरवाला पावर टाकतो आणि जिनिंगवाला शेठ काच अर्धी खाली करून "साधं" म्हणतो, तेही अशा आवाजात की मागच्या गाडीला ऐकू जाऊ नये.

पावर हे खरं तर एका कंपनीच्या पेट्रोलचं नाव. दुसऱ्या कंपनीचं स्पीड, तिसरीचं एक्स्ट्रा प्रीमियम, ज्याचं पुढे एक्सपी 95 झालं. 2002 च्या आसपास ही महागडी भावंडं बाजारात उतरली. आमच्याकडे मात्र पंप कुठल्याही कंपनीचा असो, महाग ते पावर आणि स्वस्त ते साधं. स्वस्त हा शब्द आपला बोलण्यापुरता. शंभरीच्या वर गेलेल्या वस्तूला स्वस्त म्हणायला पेट्रोल पंपाइतकी दुसरी जागा नाही.

पंपावरचं पोरगं माणसं वाचण्यात पटाईत असतं. मुलगी पाहायला येणारी पाहुणेमंडळी तासभर बसून, पोहे खाऊन जेवढी माहिती काढत नाहीत, तेवढी हा टाकीचं झाकण फिरवता फिरवता काढतो. गाडी धुतलेली आहे का, मागच्या काचेवर काय लिहिलंय, चालवणाऱ्याने चष्मा डोक्यावर सरकवलाय की खिशात ठेवलाय, आणि मुख्य म्हणजे शेजारी कोण बसलंय. एकटा माणूस दिसला तर तो काही विचारतच नाही. शेजारी सासरचं माणूस दिसलं की मात्र "साधं टाकू की पावर?" हे असं खणखणीत विचारतो की सासऱ्यांची मान आपोआप जावयाकडे वळते. त्या क्षणी साधं म्हणायला जे काळीज लागतं, ते सगळ्यांकडे नसतं. जिल्ह्यातलं निम्मं पावर या एका वळलेल्या मानेवर खपत असावं, असा माझा अंदाज आहे.

बरं, पावर टाकून होतं काय? या प्रश्नाला आमच्या कट्ट्यावर तीन उत्तरं आहेत. पहिलं : पिकअप वाढतो. दुसरं : ॲव्हरेज वाढतं. तिसरं : भेसळ नसते. तिन्ही उत्तरं देणारी माणसं बहुधा डिझेल गाडीवाली असतात.

आता थोडं शास्त्र सांगतो, आणि त्यासाठी लग्नाच्या मांडवात जाऊ या. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दाबलं जातं, दाबलं की तापतं. मग प्लगची ठिणगी पडते आणि आग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिस्तीत पसरत जायला हवी. वधूपिता टोपी-उपरणं घेऊन मानपान करत एका टोकाकडून निघतो, तसं. पण प्रत्येक लग्नात कोपऱ्यात एक मामा बसलेला असतो. उकडत असतं, दाटी झालेली असते, आणि आपली पाळी येण्याआधीच तो भडकतो. "आमचा मान कुठंय?" इकडून मानपानाची रांग येतेय, तिकडून मामा उठलाय, दोन्ही लाटा मांडवाच्या मध्यावर एकमेकींवर आदळतात आणि खांब हादरतात. फिटर ज्याला "इंजिन ठोकतंय" म्हणतो, ते हेच. ऑक्टेनचा आकडा म्हणजे कोपऱ्यातला मामा किती वेळ कळ काढू शकतो, त्याचं माप. 91 चा मामा बऱ्यापैकी समजूतदार, 95 चा त्याहून सोशिक, आणि शंभरचा तर वधूपिता आलाच नाही तरी हसत बसून राहील.

म्हणजे हा आकडा ताकदीचा नाही, सोशिकपणाचा आहे. नेमकी इथेच आमच्या लोकांची गल्लत होते. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त दम, असं त्यांना वाटतं. आणि कंपन्यांनी नावंच पॉवर, स्पीड अशी ठेवल्यावर तसं वाटणारच. सोशिक नावाचं पेट्रोल कोण विकत घेईल? लिटरभर साध्यात जेवढी ऊर्जा असते, जवळजवळ तेवढीच लिटरभर महागड्यात असते. ज्या मांडवात मानपानाची रांग मामापर्यंत झटकन पोचते, तिथे मामा 91 चा असला काय आणि 95 चा असला काय, लग्न सारखंच लागतं. साध्या घरगुती गाड्यांची इंजिनं अशीच बांधलेली असतात. जास्त दाबाचं इंजिन, टर्बो लावलेलं इंजिन, महागड्या परदेशी गाड्या, यांच्या मांडवात दाटी फार. तिथे सोशिक मामा लागतो. शिवाय हल्लीच्या गाड्यांत ठोकण्याचा आवाज ओळखणारा सेन्सर असतो. तो ठिणगीची वेळ थोडी मागेपुढे करून भांडण मिटवतो.

सोशिकपणाला मार्क देण्याची ही पद्धत 1926 च्या सुमारास अमेरिकेत ग्रॅहॅम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने बसवली. आयसो-ऑक्टेन या द्रव्याला शंभर मार्क, आणि हेप्टेन नावाच्या तापट द्रव्याला शून्य. हे शुद्ध हेप्टेन तेव्हा एका जातीच्या पाइन झाडाच्या चिकापासून मिळवत. म्हणजे पेपरात शून्य मिळवण्याचा मान एका झाडाकडे जातो. आपल्याकडेही पूर्वी 87 आणि 93 अशी दोन पेट्रोलं मिळत. 2020 मध्ये प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले, तेव्हा साध्याचा पास होण्याचा आकडा 91 होता, प्रीमियमचा 95. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंडियन ऑइलने शंभर ऑक्टेनचं एक्सपी 100 काढलं, भाव दिल्लीत 160 रुपये लिटर. ते मोजक्या मोठ्या शहरांत आलं. बुलढाण्यात आमच्या कट्ट्यावर मात्र त्याची चर्चा इतकी झाली की काही जण आपण ते टाकलेलं आहे असंच धरून चालतात.

गाडीला नेमकं कुठलं लागतं हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. हे पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, आलं त्या प्लास्टिकच्या पिशवीत, पीयूसीच्या जुन्या कागदांखाली आणि गजानन महाराजांच्या फोटोच्या मागे असतं. ते उघडून वाचलेला माणूस मी जिल्ह्यात पाहिलेला नाही. गाडी घेताना आपण रंगावर महिना घालवतो, नंबरात बेरीज किती येते यावर आठवडा घालवतो, आणि पेट्रोल कुठलं हे ठरवायला पंपावर चार सेकंद मिळतात. पाठीमागे हॉर्न वाजत असतो.

हा आजार आपल्याच मातीतला आहे असं मात्र समजू नका. अमेरिकेतल्या एएए या मोटारचालकांच्या संघटनेने 2016 मध्ये हिशेब मांडला होता : दीड कोटीहून जास्त चालकांनी वर्षभरात गरज नसताना गाडीत प्रीमियम भरलं आणि दोनशे कोटी डॉलरच्या वर पैसे उडवले. वाचून मला बरं वाटलं. सासरचं माणूस तिकडेही शेजारच्या सीटवर बसत असणार.

घाटाचा मुद्दा निघतोच. "साधं सपाटीला ठीक हाये हो, पण राजूर घाट चढायचा म्हणजे पावरच पाह्यजे." मोताळ्याहून बुलढाण्याकडे निघालं की हा घाट लागतो, आणि वर बुलढाणा दोन हजार फुटांच्या पुढे. ब्रिटिशांनी थंड हवा पाहून कचेऱ्या इथे थाटल्या, त्याचं मोल आजवर आमच्या क्लचप्लेटी देत आहेत. आता गंमत बघा. उंचावर हवा विरळ होते, विरळ हवेत सिलिंडरातला दाब कमी होतो, मामा उलट निवांत असतो. अमेरिकेत कोलोरॅडोसारख्या डोंगराळ राज्यांत याच कारणाने साधं पेट्रोल सपाटीपेक्षा कमी ऑक्टेनचं विकत आलेत. आपला घाट काही रॉकी पर्वत नव्हे, त्यामुळे फरक पडला तरी चिमूटभर. राजूर घाटात गाडी ठोकते ती बहुधा चौथ्या गिअरमध्ये पाच माणसं, दोन पोती आणि डिकीत आंब्याच्या पेट्या घेऊन चढवल्याने. उपाय आहे : गिअर खाली घ्या. हा उपाय फुकट असल्यामुळे कोणाचा त्यावर विश्वास नाही.

समृद्धी महामार्ग आल्यापासून आणखी एक पोटजात निघाली. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी रस्ता खुला झाला, आणि मेहकर, सिंदखेड राजाच्या बाजूची माणसं एकदम ताशी 120 च्या गोष्टी बोलू लागली. "समृद्धीवर चढायच्या आधी पावर मारून घे, तिथं साधं ओढत नाही." अहो, 120 ला गाडी ओढत नाही ती वाऱ्यामुळे. वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या कितीतरी पट वाढतो, आणि पेट्रोल कुठलंही घाला, काटा खाली येतोच. गाडी ऐंशी-नव्वदवर आणली तर पावरच्या जाहिरातीत नसलेलं ॲव्हरेज मिळतं. पण समृद्धीवर ऐंशीने गाडी चालवणाऱ्याकडे जाणारे येणारे ज्या दयेने बघतात, ती पाहता माणूस पेट्रोलचे पैसे देणं पसंत करतो.

भेसळीचं म्हणाल तर तो मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. पेट्रोलमध्ये काय काय मिसळलं जात असे याच्या आठवणी जुन्या फिटरांच्या नाकात अजून आहेत. म्हणून लोक म्हणतात, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पावर शुद्ध असतं. पण शुद्धता तपासायची सोय साध्यालाही आहे आणि तीही फुकट. पंपावर फिल्टर पेपर मागता येतो. त्यावर थेंब टाकायचा, चांगलं पेट्रोल उडून जातं आणि डाग राहत नाही. माप कमी वाटलं तर पाच लिटरचं शिक्क्याचं माप मागवता येतं. घनता मोजून दाखवा म्हणता येतं. हक्कच आहे ग्राहकाचा. आता तुम्ही एवढंच करा : शेगावला प्रकटदिनाची गर्दी आहे, मागे पंधरा स्प्लेंडर उभ्या आहेत, प्रत्येकीवर तिघे बसलेत, आणि तुम्ही शांतपणे म्हणा, "जरा फिल्टर पेपर आणता का?" त्यानंतर जे ऐकायला मिळेल, त्याचं ऑक्टेन शून्य असेल.

त्याऐवजी लोकांनी आपली शास्त्रं शोधली आहेत. शंभरचं टाकायचं नाही, एकशे दहाचं टाकायचं. दोनशेचं नाही, दोनशे दहाचं. शंभरच्या बटणात गडबड असते म्हणे. दहा रुपये जास्त दिले की मशीन गोंधळतं आणि घाबरून खरं माप देतं, असा काहीतरी सिद्धांत आहे. आता इतकी वर्षं सगळेच एकशे दहाचं टाकतायत म्हटल्यावर गडबड करणारा एकशे दहावर सरकला नसेल का, असं मी एकदा कट्ट्यावर विचारलं. तेव्हापासून आमच्यातले एक जण एकशे तेराचं टाकतात.

शास्त्र राहू द्या, पावर टाकण्याचे मुहूर्त बघा. दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून झालं की टाकीत पावर. मुलगी पाहायला जाताना पावर. नवरदेवाच्या गाडीत पावर, वऱ्हाडाच्या गाडीत साधं. लोणारचं सरोवर दाखवायला पुण्याचे पाहुणे आले तर पावर, आणि बिल देताना पाहुण्यांनी रकमेकडे बघावं म्हणून पाकीट काढायला जरा वेळ. शेजाऱ्याची गाडी मागून नेलेली असेल तर मात्र शास्त्र सांगतं, साधं एकशे दहाचं. परत देताना म्हणायचं, "पावर टाकून आणली बरं का." टाकीत डोकावून ऑक्टेन ओळखणारा शेजारी अजून जन्माला आलेला नाही.

आणि सगळ्यात मोठा मुहूर्त म्हणजे निवडणूक. प्रचाराला गाडी लावली की हातात चिठ्ठी येते. अमुक पंप, अमुक लिटर. मग ती गाडी पंधरा वर्षांची असो, सायलेन्सर तारेने बांधलेला असो, चिठ्ठीवर कोणी साधं टाकलेलं ऐकिवात नाही. ज्याने आयुष्यभर राखीव साठ्यावर, टाकी आडवी करून करून मोटारसायकल चालवली, तोही चिठ्ठी पुढे करून म्हणतो, "आमच्या गाडीला साधं सूट होत नाही." पक्ष निवडून येतो, पडतो. गाडीला मात्र पाच वर्षांतून एकदा दिवस चांगले येतात.

आमच्या फिटरचं मत यात समतोल आहे. तो म्हणतो, महागड्यात इंजिन साफ ठेवणारी द्रव्यं घातलेली असतात, कधीमधी टाकलं तर वाईट नाही. पण एअर फिल्टर दोन वर्षं बदलायचा नाही, टायरात हवा भरायची नाही आणि पावरवर भरवसा ठेवायचा, याला तो गाडी चालवणं म्हणत नाही. लिटरमागे साधारण सात-आठ रुपयांचा फरक. तीस लिटर भरले तर सव्वादोनशेच्या आसपास गेले. एवढ्यात शेगाव स्टेशनावर कचोऱ्या किती येतात, ते ज्याने त्याने मोजावं. कचोरीने पिकअप वाढतो की नाही हा वादाचा विषय आहे, पण टाकी भरल्याचं समाधान नक्की मिळतं.

2021 साली महागड्या पेट्रोलची एकदा चांगलीच पंचाईत झाली होती. फेब्रुवारीत ते शंभरीपार गेलं आणि भोपाळमध्ये जुन्या मशीनांना तीन आकडी भाव दाखवताच येईना. त्या पंपांना प्रीमियम विकणं थांबवावं लागलं. यंत्रालाही जो आकडा झेपेना, तो माणसाने मुकाट्याने झेपवला. परभणी तर आमच्याही पुढे. राज्यात सगळ्यात महाग पेट्रोलचा मान त्यांच्याकडे वर्षानुवर्षं आहे, कारण टँकर थेट मनमाडहून येतात. परभणीचा माणूस भेटला की आम्हाला आपलं पेट्रोल एकदम परवडायला लागतं.

आमच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट मांडतात, भोवती धान्यं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मांडणीत काय काय हललं ते पाहून पाऊस, पिकं, अगदी राजाची गादीसुद्धा सांगतात. माझ्या साडूंची जुनी तक्रार होती की यात पेट्रोलचा भाव का सांगत नाहीत. मी म्हणायचो, पेट्रोलसाठी धान्य कुठलं मांडणार? आता त्याचंही उत्तर आलं आहे. मका.

ते असं. 2023 च्या फेब्रुवारीत वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि 2025 पर्यंत देशभर तेच झालं. हे इथेनॉल उसापासून, तांदळापासून आणि हल्ली मोठ्या प्रमाणावर मक्यापासून बनतं. इथेनॉल स्वभावाने फार सोशिक. त्याचं ऑक्टेन शंभरच्या वर. त्यामुळे साध्याची सोशिकताही वाढली. पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं, की पूर्वीचं साधं 88 चं होतं, मग 91 चं झालं आणि इथेनॉलमुळे आता 95 वर गेलंय. म्हणजे जो आकडा मिळवायला आपण सात-आठ रुपये जास्त देत होतो, तो आपसूक साध्याच्या नळीत येऊन बसला. फक्त इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच लिहिलंय, की जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घसरू शकतं. थोडक्यात, मामा शांत झाला पण जेवायला जास्त लागला.

साडू मोताळा तालुक्यात मका पेरतात. त्यांना मी कागदावर हिशेब करून दाखवला : क्विंटलभर मक्यापासून अडतीसेक लिटर इथेनॉल निघतं. पस्तीस लिटरच्या टाकीत इथेनॉल सात लिटर. ते सगळं मक्याचं धरलं तर तुमच्या टाकीत अठरा किलो मका. 2025-26 च्या 2,400 रुपये हमीभावाने त्याचे साडेचारशेसुद्धा होत नाहीत, आणि पंपावर त्याच सात लिटरचे सातशेच्या वर द्यावे लागतात.

साडू बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. "म्हंजे मी इकलेला मका मीच इकत घ्यून राह्यलो? अन् तोबी गाडीले चारून राह्यलो?"

संध्याकाळी आम्ही त्यांच्याच गाडीतून मलकापूरला निघालो. पंप लागला. पोराने गाडीभोवती एक नजर फिरवली, साडूंशेजारी मी, म्हणजे सासरचंच माणूस, बसलेला पाहिला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "भाऊ, साधं टाकू की पावर?"

"साधं," साडू तितक्याच खणखणीत म्हणाले. "त्याच्यात आपला मका हाये."

"पावरमधीबी मका हायेच की."

"हाये?"

"तेवढाच हाये. वीस टक्के."

"अन् ते पंचाण्णव का काय म्हंतात ते?"

"आता साधंबी पंचाण्णवच म्हणतात."

साडूंनी चावी काढून हातात घेतली, खाली उतरले आणि दोन्ही नळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "मंग फरक काय रे बाबू?"

पोरगं झाकण फिरवत म्हणालं, "सात-आठ रुपये."